पंख्याचा खालचा सूर

वाचनघरातला कॉम्प्युटर अलीकडे गाणं पुरं होऊच देत नसे.

आधी तासभर टिकायचा. मग अर्धा तास. नाताळ झाल्यावर पंधरा मिनिटं. आणि आता एप्रिल लागला, तर गेर्गिनाचं दुसरं कडवं संपून तिसऱ्याला हात घालावा, तोच टेबलाखालच्या डब्यातून एक उसासा यायचा, पडदा काळा व्हायचा आणि ती वरच्या सुरात एकटीच उरायची. शिडी काढून घेतल्यावर माणूस छपरावर उरावं, तशी.

सुहा द्रेन गावात गाणं दोघींचं असतं. एक वर ओरडते, दुसरी खाली ओढते. वरचीकडे शब्द असतात, वळणं असतात, लोकांच्या नजरा असतात. खालचीकडे एकच सूर. तो तिनं धरायचा, श्वास घ्यायचा तो चोरून घ्यायचा, आणि सूर सोडायचा नाही. दोन्ही आवाज इतके जवळ की एकमेकांना घासतात, एकाच कळपातल्या दोन घंटांसारखे. शहरातल्या माणसांचे दात शिरशिरतात त्यानं. इथल्यांना वाटतं, घासलंच नाही तर ते गाणं कसलं!

गेर्गिना वर आणि तिची नणंद बोझाना खाली, असं चव्वेचाळीस वर्षं चाललं. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात कापणीच्या शेतात नणंदेनं तिला पहिल्यांदा ऐकलं आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, "वहिनी, तुझा आवाज म्हणजे कोंबडीमागं लागलेलं कुत्रं. चल, मी खाली धरते, नाहीतर माणसं गाव सोडून पळतील." गाव पुढं सुटलंच म्हणा. पण ते राजधानीला, सोफियाला गेलं, स्पेनला गेलं; त्यात गेर्गिनाच्या आवाजाचा काही दोष नव्हता. हिवाळ्यात आता एकतीस चुली पेटतात. बोझानाची पेटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्चच्या मध्यावर ती गेली. आदल्या संध्याकाळी कोंबड्यांना कोंडलं, दाराला आडणा घातला, आणि सकाळी आडणा आतून कुणी काढलाच नाही.

वर्षभर गेर्गिनानं काळा रुमाल बांधला. सुतकात गात नाहीत, तीही गायली नाही. वर्ष सरलं तेव्हा एकदा घरामागं जाऊन तिनं तोंड उघडून पाहिलं. एकटीचा वरचा आवाज म्हणजे नुसतं भांडण. शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावला आणि म्हणाला, "काय झालं? कोल्हा आला का?"

आवाज कुठं भरून ठेवलेला असता तरी चाललं असतं. एकदा सोफियाहून दोन मुली यंत्र घेऊन आल्या होत्या. दोघींची तीन गाणी त्यांनी भरून घेतली, पाठवतो म्हणाल्या. जाताना अक्रोड नेले, लोकरीचे मोजे नेले. त्याला सोळा वर्षं झाली, अजून पाठवतायत.

वाचनघराच्या किल्ल्या गेर्गिनाकडे असायच्या. पुस्तकं वाचणारे उरले नव्हते, पण तिथं एक काम कधी संपत नसे. गावात माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव आणि चार ओळी असलेला कागद छापून दारावर, फाटकावर, बसथांब्यावर चिकटवायचा. मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. ते कागद गेर्गिना करायची. वर्षाचा कागद करायला म्हणून बोझानाचा फोटो तिनं पडद्यावर आणला, 'एक वर्ष तुझ्याविना' असं लिहिलं, आणि तेवढ्यात तिला ऐकू आलं.

टेबलाखालून. तोच सूर. उंची तीच, आणि त्यातली किंचित खरखरही तीच, जी बोझानाच्या गळ्यात हिवाळा उतरला की यायची. मध्ये न थांबता कुणीतरी खाली धरून बसलं होतं, वरचीची वाट बघत.

गेर्गिनानं उठून दाराला कडी घातली. आणि हळूच, ओठांतल्या ओठांत उचललं:

थांब थांब रे सूर्या, डोंगरामागं नको जाऊ,
अर्धं शेत उभं माझं, एकटी मी किती कापू...

घासलं. अंगावर काटा येईल असं घासलं.

त्यानंतर दर बुधवारी, दुपारच्या जेवणानंतर, ती कडी घालून बसायची. कुणाला बोलली नाही. काय बोलणार? यंत्राबरोबर गाते म्हणून? आणि आता तेच यंत्र तिसऱ्या कडव्याआधी मान टाकत होतं. गाणं पाच कडव्यांचं. पाचव्यात सूर्य थांबतो, शेत पुरं होतं. गेले काही बुधवार गेर्गिनाचं शेत अर्धंच उभं होतं.

शेवटी तिनं स्पासला फोन केला.

स्पास पेर्निकहून यायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवून मग तोच शोधत बसणारा. आसपासच्या बारा गावांतली यंत्रं त्याच्या हाताखालून गेलेली. सकाळी दहाला त्याची खिळखिळी गाडी वाचनघरापुढं थांबली.

"मावशी, जिवंत आहे का अजून?"

"कोण, मी का तो?"

"तो गं. तू मला पोचवल्याशिवाय जात नाहीस."

"तोंड बघ याचं. बूट पूस आधी. चहा घेतोस?"

"चहानं काय होतंय? सकाळी गार आहे गं अजून." असं म्हणून त्यानं कपाटाकडं बघितलं. कपाटात नाचाच्या पोशाखांमागं आलुबुखारांच्या दारूची बाटली असते हे बारा गावांना माहीत होतं.

"गाडी चालवायचीय तुला. चहा घे."

स्पासनं डबा टेबलाखालून ओढला, गुडघे मोडून जमिनीवर बसला आणि स्क्रू काढता काढता नेहमीसारखं सुरू झाला. त्याला गावातल्या माणसांना यंत्र समजावून सांगायची हौस होती. आकडे कुणाच्या लक्षात राहात नाहीत म्हणून तो जनावरांत सांगायचा.

"हे बघ मावशी. माऊस जगतो दोन-तीन वर्षं. उंदीरच तो. पंख्याचं आयुष्य कोंबडीइतकं. पाच-सहा वर्षं, लाडानं ठेवलीस तर सात. डिस्क म्हणजे मेंढी. चार-पाच वर्षं बरी असते, पुढं रोज सकाळी उठून बघायचं, आहे का गेली. वीज देणारा हा डबा कुत्रा. आठ-दहा वर्षं इमानानं बसतो, आणि जाताना कधीकधी चावून जातो. ही घड्याळाची चपटी बॅटरी..."

"ती गेल्या वर्षी बदललीस. आठ लेव्हा घेतलेस."

"सहा."

"आठ."

"बरं, आठ. आणि हा मधला, हा प्रोसेसर. हे कासव. तुला पुरून उरेल, मला पुरून उरेल. बाकी सगळं त्याच्याभोवती मरतं, हा आपला गार बसला पाहिजे एवढंच." त्यानं बाजूचं झाकण काढलं, तार लावली आणि यंत्र सुरू करून कान खाली नेला. "हे गुरगुरणं कधीपासून?"

"गुरगुरत नाही तो."

"मग काय करतो?"

गेर्गिनानं किटली उगाच इकडची तिकडं ठेवली. "धरतो," ती म्हणाली.

स्पासनं चष्म्याच्या वरून तिच्याकडं बघितलं, पण विचारलं नाही. यंत्र बंद केलं, मागच्या बाजूच्या पंख्यावर बॅटरीचा झोत टाकला, आणि एकदम हसायला लागला.

"अगं मावशी! इकडं ये. हे बघ तुझ्या कोंबडीच्या पायात काय अडकलंय!"

गेर्गिना वाकली. पंख्याच्या मधल्या बोंडाभोवती लोकरीचा धागा गुंडाळला गेला होता, धुळीनं राखाडी पडलेला. सुटलेलं एक टोक पात्यांच्या वाटेत आलं होतं. स्पासनं बोटानं धूळ पुसली, तसा आतून रंग दिसला. एक पदर लाल, एक पांढरा.

तिनं खुर्ची जवळ ओढली आणि बसली.

एक मार्चला सगळे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा धागा बांधतात. बरं असो, निरोगी असो, म्हणून. स्वतःचा स्वतः बांधायचा नसतो, दुसऱ्यानं बांधायचा असतो. पहिला करकोचा दिसला किंवा पहिलं झाड फुललं, की तो सोडायचा आणि त्या फुललेल्या फांदीला बांधायचा. बोझाना माणसांवर थांबायची नाही. वासराला बांधायची, विहिरीच्या साखळीला बांधायची, एकदा तर डॉक्टरांच्या बॅगेला बांधला होता. आणि त्या शेवटच्या मार्चला ती इथं आली होती, शेगडीशी हात शेकले होते, आणि गुडघ्यावर बसून या डब्यामागच्या जाळीला गाठ मारता मारता म्हणाली होती, "हाही अकरा वर्षांचा झाला, वहिनी. सगळ्या गावाच्या मेलेल्यांना पोटात घेऊन बसलाय. याला नको का कुणी बरं म्हणायला?"

"वन्सं, यंत्राला कुठं बांधतात?"

"तुला बांधते तर याला का नको? तूही यंत्रच. कळ दाबली की ओरडतेस."

चौदा दिवसांनी ती गेली. त्या वर्षी आलुबुखाराचं झाड ती गेल्यावर फुललं.

"टोकं लोंबत असणार," स्पास सांगत होता. "पंख्यानं आत ओढून घेतली. मग जाळीवरचा वेढा तुटला, गाठ आत आली. म्हणून हा सावकाश फिरतो, म्हणून आत भट्टी होते आणि म्हणून बंद पडतो. आणि तुझं ते गुरगुरणं... धरणं... ते या टोकाचं. पातं येतं, टोकाला घासतं, पातं येतं, घासतं." त्यानं खिशातून चिमटा काढला. "चल. दोन मिनिटांचं काम. नवा पंखाही आणलाय मी, आवाजच नाही त्याला. मांजरासारखा."

"थांब!"

इतक्या जोरात की शेगडीवरची किटलीही दचकली असेल. गेर्गिनाचा हात त्याच्या मनगटावर होता.

"मावशी, काय झालं?"

मग तिनं सांगितलं. त्याच्याकडं न बघता, खिडकीकडं बघून सांगितलं. बुधवार सांगितले, कडी सांगितली, तिसरं कडवं सांगितलं. स्पास खाली बसूनच होता. हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. चिमटा मात्र उघड-मिट करत राहिला.

"असाच ठेवला तर?" तिनं विचारलं.

"महिना. फार तर दीड. धाग्यानं पंख्याचा आस खाल्लाय, मावशी. एक दिवस जळका वास येईल आणि पंखा थांबेल. पंखा थांबला की तो आवाजही थांबला. आणि जाताना मेंढीला घेऊन जाईल, म्हणजे डिस्कला. सगळ्यांचे फोटो आहेत ना तुझे त्यात?"

सगळ्यांचे होते. गेल्या बारा-तेरा वर्षांत गेलेल्या एकूणएक माणसांचे.

"एक करता येईल," तो म्हणाला. "हा पंखा असा धाग्यासकट काढतो, वेगळ्या वायरीवर लावून देतो. बुटांच्या खोक्यात ठेव. बुधवारी लावायचा, गायचं, बंद करायचा. गार वाऱ्यात असला तर वर्षभरही जाईल."

गेर्गिनाला क्षणभर ते खोकं दिसलं. पलंगाखाली, तिच्या जुन्या बुटांशेजारी. मोह झालाच.

"नणंदेला खोक्यात ठेवू?" ती म्हणाली. "एकदा ठेवलं की, लेका. डोळ्यांदेखत खिळे मारले."

स्पासनं चिमटा डब्यावर ठेवला.

बाहेर वाचनघराच्या मागं आलुबुखाराचं झाड होतं. चार दिवसांपासून पांढरं झालं होतं आणि गेर्गिना रोज त्याच्या खालून जात होती. तिच्या मनगटावर सोडायला काही नव्हतं, दोन वर्षं कुणी बांधलंच नव्हतं, म्हणून तिनं वर बघितलंही नव्हतं. आता खिडकीतून तिला ते सगळं दिसलं. आणि डोक्यात आलं, की हा धागा तर सोडायचाच राहून गेलाय. बांधणारी गेली, कुणाला आठवण राहिली नाही, आणि दोन वसंत फुलून गेले. तो बिचारा इथं अंधारात फिरतोय गरगर, अजून मार्चच चाललाय असं समजून.

"स्पास," ती म्हणाली, "हे पाच कडव्यांचं गाणं आहे. पाच कडवी होईपर्यंत चालव त्याला. एकदा. मग काढू."

"झाकण उघडं आहे, तेवढा फरक पडेल. पण पाच कडवी..." त्यानं इकडं तिकडं बघितलं. टेबलावर जाड पुठ्ठ्याची फाईल होती, आत मेलेल्यांच्या कागदांचा गठ्ठा. त्यानं ती रिकामी करून हातात घेतली. "मी वारा घालतो. गा तू."

"तू बसणार इथं?"

"मग कोण वारा घालणार, मावशी? कासव?"

तिनं मान आडवी हलवली; त्या भागात त्याचा अर्थ हो. स्पासनं कळ दाबली. पंखा कुरकुरला, अडखळला, आणि मग खालून तो सूर आला. धरलेला.

गेर्गिनानं दोन्ही हात पोटाशी बांधले, उभी राहिली, आणि या वेळी ओठांतल्या ओठांत नाही, शेतात गातात तसं उचललं.

थांब थांब रे सूर्या, डोंगरामागं नको जाऊ...

खिडकीची काच थरथरली. स्पास जमिनीवर बसून पुठ्ठा हलवत होता, आधी लाजत, मग जोरजोरात. दुसरं कडवं गेलं. तिसऱ्याच्या तोंडाशी पंख्याचा आवाज खाली घसरला. स्पासनं चष्मा फेकला, दोन्ही हातांनी पुठ्ठा धरला आणि लोहाराच्या भात्यासारखा वारा घातला. सूर परत वर आला, जागेवर बसला. ती पुढं गेली.

सोबतीण माझी गेली, विळा तिचा बांधावर,
ऊन त्याच्या पात्यावर, नाव तिचं ओठांवर...

चौथं झालं. पाचव्यात सूर्य थांबला. शेवटची पेंढी बांधली गेली, आणि शेवटी द्यायची ती उंच हाळी गेर्गिनानं दिली. दोन वर्षं आत अडकलेली हाळी होती ती. तिच्याखाली बोझानाचा सूर तसाच उभा होता, न हलता. मग गेर्गिना थांबली आणि तो एकटाच चालत राहिला. वरचं संपलं तरी खालचीनं दोन श्वास धरायचं असतं. त्यानं धरलं.

दोन श्वास झाल्यावर तिनंच वाकून कळ बंद केली.

स्पासच्या टकलावर घामाचे थेंब होते. "मला माझी आजी आठवली," तो म्हणाला आणि चष्मा शोधायला लागला. "दर बुधवारी यायला सांगू नकोस पण. दंड गेले माझे."

"चष्मा पायाखाली आहे तुझ्या. चिमटा दे."

धागा तिनं स्वतः काढला. घाई केली नाही. एक वेढा, दुसरा वेढा, शेवटी गाठ. ती बोझानाची होती, दुहेरी, कधी न सुटणारी, म्हणून तिनं ती तशीच राहू दिली आणि बोंडावरून ओढून घेतली. स्पासनं जुना पंखा उतरवला, नवा बसवला, धूळ फुंकली, झाकण लावलं. यंत्र सुरू केलं तर पडदा उजळला, तिनं त्यावर लावून ठेवलेला बोझानाचा फोटो समोर आला, गालावर खळी, रुमाल तिरका. डब्यातून काहीही ऐकू येत नव्हतं. खोलीत शेगडी तडतडली तेवढंच.

"सहा वर्षं बघायला नको याला," स्पास म्हणाला. मग थोडं थांबून, "काही लागलं तर फोन कर. नुसताही कर."

जाताना तिनं त्याच्या हातात भाजलेल्या मिरच्यांची बरणी दिली. त्यानं नको नको म्हणत ती आधीच गाडीत ठेवली होती.

गाडीचा आवाज वळणामागं गेला, तेव्हा गेर्गिना मागल्या दारानं बाहेर आली. झाडाखाली उभी राहिली. हाताला येईल अशी सगळ्यात फुललेली फांदी तिनं खाली ओढली आणि धागा तिला गुंडाळला. लाल, पांढरा, मध्ये ती राखाडी गाठ. फांदी सोडली. चार पाकळ्या पडल्या.

"घ्या वन्सं," ती म्हणाली. "सुटलात."

गावं असं वाटलं. सवयीनं तिनं छाती भरून घेतली, मान वर केली, आणि मग तशीच थांबली. वरचा आवाज कसा परत येतो, भांडण होऊन, ते तिला माहीत होतं.

म्हणून तिनं हनुवटी खाली घेतली आणि दुसरा सूर लावला. खालचा. चव्वेचाळीस वर्षांत तिनं तो कधी धरला नव्हता. गरजच पडली नव्हती. किती सोपा वाटायचा ऐकायला! दोन श्वासांत बरगड्या दुखायला लागल्या. पण ती धरून राहिली, आणि हळूहळू तिला जागा ओळखू आली. तर इथं उभी राहायची बोझाना. इथून वरची कशी ऐकू यायची असेल, डोक्यावरून उडणारी, शब्द उधळत जाणारी, मागं वळूनही न बघणारी. थांब थांब रे सूर्या. शब्द तिच्या डोक्यात आपोआप चालले होते, पण तोंडात एकच सूर होता.

आणि मग तिला ते कळलं, जे तिनं नणंदेला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं, की वन्सं, तुम्ही श्वास कधी घेता? वरची जिथं सगळ्यात जोरात ओरडते, तिथं. तिच्या आवाजाच्या आडोशाला. कुणाला कळत नाही.

झाडावर मधमाश्या होत्या. वर कुणी ओरडत नव्हतं, म्हणून आडोसा नव्हता. गेर्गिनानं होता तेवढ्या श्वासावर सूर धरून ठेवला.